अंतर

पुणे आणि नागपूर या दोन शहरांमध्ये अंतर किती, असा प्रश्न कोणी केल्यास त्याला एकच एक उत्तर देता येत नाही, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याजोगी आहे. आगगाडीने जाणाऱ्यास मनमाड, भुसावळ, वर्धा असा वळसा पडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये या मार्गावर जी 'वंदे भारत' गाडी सुरू झाली, तिला सुमारे ८८१ किलोमीटर कापावे लागतात व त्यास बारा तास लागतात. मोटारीने जाणारा सातशेहून काहीसा अधिक आकडा सांगेल. विमानाची चौकशी करणाऱ्यास तिसराच आकडा मिळतो, सुमारे ६०५ किलोमीटर. आणि बहुधा तोही लक्षात न ठेवता तो 'दीड तास' एवढेच ध्यानात ठेवतो. शहरे तीच, पृथ्वी तीच. तरीही अंतरे तीन, आणि चौथे घड्याळावर मोजलेले. यांपैकी खरे अंतर कोणते?

हा प्रश्न भूगोलाचा आहे असे वाटेल, आणि काही अंशी तो आहेही. परंतु गेली दोन वर्षे तो माझ्या मनात ज्या रूपाने घोळत आहे, ते रूप भूगोलाचे नाही. दोन माणसांमधील प्रवासाचे अंतर कमी झाले म्हणजे त्यांची एकमेकांविषयीची कर्तव्ये बदलतात काय, आणि बदलत असल्यास आपण त्या बदलाला कसे सामोरे जातो, असा तो प्रश्न आहे. त्याचा विचार करावयाचा तर त्यातील भूगोलाचा अंश आधी उरकून घेतलेला बरा.

विमानाचे अंतर मोजण्याची रीत वरवर पाहता सोपी आहे. पृथ्वी सपाट असती तर दोन बिंदूंमध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली की काम झाले असते. ती गोल असल्यामुळे, दोन्ही ठिकाणांतून जाणारे व पृथ्वीच्या मध्याशी ज्याचा मध्य जुळतो असे महावृत्त कल्पावे लागते. त्या महावृत्ताचा दोन ठिकाणांमधील लहान तुकडा हेच त्यांच्यामधील सर्वांत कमी अंतर होय. वैमानिक व खलाशी ज्या सागरी मैलाने मोजतात तो अशा वृत्तातूनच निघाला आहे. वृत्ताच्या एका अंशाचा साठावा भाग, ज्याला आपले ज्योतिषी कला म्हणतात, तेवढ्याचे पृथ्वीच्या पाठीवरील माप म्हणजे एक सागरी मैल; आज ते १८५२ मीटर ठरलेले आहे. या मापाने पुणे ते नागपूर सुमारे ३२७ सागरी मैल होतात, म्हणजे पृथ्वीच्या ३६० अंशांपैकी साडेपाच अंशांनाही किंचित कमी. ही रेघ नकाशावर ओढून पाहिली तर ती अहिल्यानगरच्या दक्षिणेकडून जाते, पैठणच्या खालच्या अंगास गोदावरी ओलांडते, लोणारचे सरोवर डाव्या हातास ठेवून वाशीमवरून निघते आणि वर्धा व सेवाग्राम उजवीकडे टाकून नागपुरास पोहोचते. प्रत्यक्ष विमान या रेघेला तंतोतंत चिकटून जाते असे नाही. परंतु अंतर म्हणून जो आकडा छापला जातो तो या रेघेचा असतो.

वेळेचा हिशेब याहून मौजेचा आहे. प्रवासी विमान पुरेशा उंचीवर पोहोचल्यावर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने ६०५ किलोमीटरांस पाऊण तास पुरावा. वेळापत्रकात मात्र जवळजवळ दीड तास लिहिलेला असतो, कारण तेथे मोजणी विमान जागचे हलल्यापासून पुन्हा जागी उभे राहीपर्यंत करतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, आपली पाळी येण्याची वाट पाहणे, चढणे, उतरण्यासाठी वेग कमी करीत वळणे घेणे, आणि उशीर झालाच तर तो झाकला जावा म्हणून आधीच हातचा राखून ठेवलेली काही मिनिटे, हे सर्व त्यात येते. त्यात पुन्हा घरापासून लोहगावपर्यंतची वाट, तपासणीच्या रांगा, सामानाची प्रतीक्षा व सोनेगावहून घरापर्यंतची वाट मिळविली, तर या दारापासून त्या दारापर्यंत पाच तास सहज जातात. त्या पाच तासांत आकाशातील खरे अंतर पाऊण तासाचे. उरलेले सव्वाचार तास निघण्यात आणि पोहोचण्यात जातात. अंतराचा मोठा हिस्सा निघण्यातच असतो, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

माझे वडील, ज्यांना घरात आम्ही सर्व भाऊ म्हणत असू, नागपुरातील एका शाळेत भूगोल शिकवीत. १९८८ साली मी बी. ए. होऊन पुढील शिक्षणासाठी पुण्यास निघालो, त्याच्या आदल्या रात्री त्यांनी आपला जुना नकाशासंग्रह उघडला, पुणे व नागपूर या दोन ठिपक्यांमध्ये शिसपेन्सिलीने रेघ ओढली, ती पट्टीने मोजली, आणि कडेला बारीक अक्षरात '३७६ मैल' असे लिहिले. त्यांच्या पिढीचे नकाशे मैलांत असत. मग आईकडे पाहून ते म्हणाले, "पाखराच्या वाटेने एवढंच तर आहे. गाडीला थोडा वळसा पडतो, दुसरं काय?" आईच्या डोळ्यांत पाणी होते. तिची समजूत घालण्यासाठी अंतर कमी करून दाखविण्याचा तो भूगोलशिक्षकाचा उपाय होता, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

भाऊंना मोजणीच्या हकीकती फार प्रिय. शून्य मैलाचा दगड दाखविण्यास ते वर्गातील मुलांना घेऊन जात, तेव्हा विल्यम लॅम्ब्टनची गोष्ट सांगितल्यावाचून त्यांना राहवत नसे. या गृहस्थाने १८०२ साली मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने एक आधाररेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. रेषा जेमतेम साडेसात मैलांची. तिला ५७ दिवस लागले. पुढे वीस वर्षे त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत तो उत्तरेकडे सरकत राहिला, आणि २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. "एवढा देश मोजला," भाऊ म्हणत, "आणि नागपूर तेवढं राहून गेलं." दुसरी हकीकत त्यांच्या बाळपणची. १९४९ साली देशात रात्रीच्या विमानी टपालाची व्यवस्था सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, मद्रास व दिल्ली या चार दिशांकडून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत, आणि आपापल्या गावी परतत. भाऊ त्या वेळी अकरा वर्षांचे होते. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज ऐकू आला की, कोणाकोणाची पत्रे या घटकेस आपल्या गावी एकमेकांना भेटत असतील, असा विचार त्यांच्या मनात येई.

मी पुण्यास राहिलो. तेथेच नोकरी लागली, तेथेच संसार झाला. त्या काळी नागपुरास जावयाचे म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये एक अख्खी रात्र व दिवसाचा बराच भाग काढावा लागे. दिवाळीत व उन्हाळ्यात मिळून वर्षातून दोनदा मी जात असे. प्रवास एवढा लांबीचा असल्यामुळे एका दिवसासाठी जाण्याची कल्पनाच कोणाच्या मनात येत नसे. बारा-पंधरा दिवस राहावयाचे, हे ठरलेलेच. त्यांतील पहिले दोन दिवस बोलण्यात जात, आणि मग बोलावयाचे काही उरत नसे. आज मागे पाहता मला वाटते की, खरी भेट तेथून पुढे सुरू होई. भाऊ वर्तमानपत्र वाचीत, मी उत्तरपत्रिका तपाशीत असे. संध्याकाळी दोघे मिळून अंबाझरीपर्यंत फिरावयास जात असू. आणि एखाद्या आठव्या किंवा नवव्या दिवशी, कसलीही प्रस्तावना न करता, ते आपल्या मनातील एखादी गोष्ट बोलून जात. पहिल्या दोन दिवसांत ती त्यांना सुचलीही नसती.

पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात कमी भाड्याची विमाने सुरू झाली. २०१७ साली लहान शहरे विमानाने जोडण्याची सरकारची 'उडान' योजना प्रत्यक्षात आली, आणि एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीहूनदेखील विमान उडू लागले. पुणे व नागपूर यांच्यामध्ये तर दिवसातून अनेक विमाने ये-जा करू लागली. प्राध्यापकाच्या वेतनात हे भाडे बसू लागले, याचा मला मनापासून आनंद झाला. मी आईला दूरध्वनीवर म्हणालो, "आता काय, केव्हाही येता येईल."

भाऊंच्या मृत्यूनंतर मी माझ्या जुन्या रोजनिशा काढून एक मोजणी केली. आगगाडीच्या दहा वर्षांत मी नागपुरास दरवर्षी सरासरी चोवीस-पंचवीस दिवस राहिलो होतो. विमानाच्या दहा वर्षांत माझ्या खेपा दोनाच्या तीन झाल्या. पण प्रत्येक खेप दीड-दोन दिवसांची, आणि कित्येकदा ती दुसऱ्याच एखाद्या कामास जोडलेली. वर्षाकाठी मुक्कामाचे दिवस पाच. ८८१ किलोमीटरांचे अंतर ६०५ वर आले, वीस तासांचे दीड तासावर आले, आणि पंचवीस दिवसांचे पाच दिवस झाले. ही वजाबाकी केल्यावर मी बराच वेळ वही पुढे घेऊन बसलो होतो.

असे का व्हावे? मी काही दुष्ट मुलगा नव्हतो. प्रत्येक वर्षी न जाण्याला कारणे होती, आणि ती खोटी नव्हती : परीक्षा, मुलांच्या शाळा, महाविद्यालयातील निरनिराळ्या समित्या. परंतु हीच कारणे १९९५ सालीही होती. फरक पडला तो एका शब्दाने, आणि तो शब्द म्हणजे 'केव्हाही'. जी गोष्ट वर्षातून दोनदाच करता येते तिच्यासाठी आपण दिवस राखून ठेवतो. जी केव्हाही करता येते तिच्यासाठी कोणताच दिवस राखला जात नाही. भाऊ दूरध्वनीवर आपल्या नागपुरी ढंगाने विचारीत, "मग, केव्हा येऊन राहिलास?" मी म्हणे, "येतोच आहे, दीड तासाचा तर प्रश्न आहे." दीड तासाचा प्रश्न असल्यामुळे तो आज सुटला नाही तरी चालेल, असे मला वाटत असे. निघावयाचे मात्र सव्वाचार तासांचे असते, आणि मनाच्या निघण्याला तर घड्याळच नाही.

आपल्याकडील न्याय-वैशेषिक परंपरेने चोवीस गुण मानले आहेत, आणि रूप, रस, गंध यांच्या पंक्तीस 'परत्व' व 'अपरत्व', म्हणजे दूरपणा व जवळपणा, यांनाही बसविले आहे. विद्यार्थिदशेत तर्कसंग्रह वाचताना मला याचे हसू आले होते. आंब्याचा पिवळेपणा आंब्यात असतो हे ठीक. पण नागपूरचा दूरपणा नागपुरात कसा असेल? पुढे नीट वाचल्यावर शास्त्रकारांची सूक्ष्म दृष्टी ध्यानात आली. हे परत्व त्यांनी दोन प्रकारचे सांगितले आहे. एक दिक्कृत, म्हणजे स्थळाच्या योगाने आलेले. लांबच्या वस्तूच्या ठिकाणी ते असते. दुसरे कालकृत, म्हणजे काळाच्या योगाने आलेले. वयाने वडील असलेल्याच्या ठिकाणी ते असते. आणि दोन्हींच्या उत्पत्तीस 'अपेक्षाबुद्धी' आवश्यक मानली आहे : एका गोष्टीला धरून दुसरीकडे पाहणारी कोणाची तरी बुद्धी हवी, तेव्हाच दूर व जवळ हे भेद उत्पन्न होतात.

मला हे विवेचन आता निराळ्याच अर्थाने पटते. विमानाने मात केली ती दिक्कृत परत्वावर, आणि तीही केवळ वेळेच्या हिशेबात. कालकृत परत्वावर कोणत्याही वाहनाचा इलाज नाही. शास्त्राचा शब्द थोडा ताणून म्हणावयाचे तर, नागपूर वर्षानुवर्षे जवळ येत होते आणि भाऊ वर्षानुवर्षे दूर जात होते; माझे लक्ष पहिल्या आकड्याकडे होते, दुसऱ्याकडे नव्हते. शास्त्रातील अपेक्षाबुद्धी आणि आपल्या रोजच्या बोलण्यातील अपेक्षा यांचे अर्थ भिन्न आहेत, हे मी जाणतो. तरीही दूरपणा कोणाच्या तरी अपेक्षेतून उत्पन्न होतो, हे विधान दोन्ही अर्थांनी खरे आहे. ज्या घरात कोणी वाट पाहत नाही त्या घरापासून आपण कितीही योजने असलो तरी दूर नसतो.

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे वळू. जे करणे माणसाच्या शक्तीबाहेर आहे ते त्याचे कर्तव्य असू शकत नाही, हा विचार कांटच्या नीतिशास्त्रातून आपणा सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. जुन्या काळी परगावचा मुलगा बापाच्या आजारपणात तिसऱ्या दिवशी पोहोचला तर कोणी त्याला बोल लावीत नसे. अंतर मध्ये उभे राहून त्याच्या वतीने उत्तर देई. आगगाडी १८६७ साली नागपुरास पोहोचली, तेव्हा या उत्तराची धार काहीशी बोथट झाली. विमानाने ती पुरतीच गेली. पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७२ साली, पूर्व बंगालच्या निर्वासितांचे हाल पाहून लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात, याच्याही पुढे जाऊन असे प्रतिपादिले की, साहाय्याची गरज असलेला माणूस शेजारी आहे की हजारो मैलांवर आहे, याने कर्तव्यात मुळीच फरक पडत नाही. पोहोचणे शक्य असेल तर अंतर ही सबब होऊ शकत नाही.

यावर एक रास्त आक्षेप निघतो, आणि तो मी स्वतःच्या बचावासाठी कितीदा तरी मनाशी मांडून पाहिला आहे. कर्तव्याला सामर्थ्य लागते हे खरे. पण सामर्थ्य आले म्हणून कर्तव्य आलेच, असे कोठे आहे? विमान आहे म्हणून दर आठवड्यास नागपुरास जावे, असे कोणताही शहाणा बाप म्हणणार नाही. भाऊ तर मुळीच म्हणाले नसते. हा आक्षेप मला मान्य आहे. वाहनाचा वेग दुप्पट झाला म्हणून माझे पुत्रकर्तव्य दुप्पट होत नाही. ते जेवढे होते तेवढेच राहते. परंतु त्याच्यावरचे पांघरूण निघून जाते. पूर्वी न जाण्याची दोन कारणे एकत्र मिसळलेली असत : जाता येत नाही, आणि जावेसे वाटत नाही. त्यांतील कोणते किती, हे वेगळे करून पाहण्याची गरज पडत नसे. विमानाने पहिले कारण गाळून टाकले, आणि गाळणीत जे उरले ते माझ्यासमोर ठेवले. ते पाहणे मला नको होते, म्हणून मी परीक्षा व समित्या यांचे नवे पांघरूण विणीत बसलो.

आणि ही गाळणी सर्वांना सारखी लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या रेघेचे वर्णन मी आरंभी केले तिच्याखाली वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांची गावे येतात. तेथून पुण्यास मजुरीसाठी आलेली माणसे माझ्या घराजवळच्या बांधकामांवर मी रोज पाहतो. त्यांच्या डोक्यावरून दिवसातून अनेक विमाने जातात. पण त्यांचे गाव आजही तितकेच दूर आहे जितके १९८८ साली माझे नागपूर होते, कारण त्यांच्या अंतरात भाड्याची आणि बुडालेल्या रोजाची भर पडते. अशा एखाद्याला बापाच्या आजारपणात पोहोचण्यास उशीर झाला, तर जुनी सबब त्याची अजून हक्काची आहे. ज्याने तिकिटाचे पैसे खिशात असताना तीच सबब सांगितली, त्याने ती त्या मजुराकडून उसनी घेतली, असेच म्हणावे लागेल.

मग वेगच वाईट, असे म्हणावे काय? गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज्य' मध्ये आगगाडीवरही कठोर टीका केली, आणि माणसाच्या हातापायांची जेवढी धाव तेवढाच त्याचा व्यवहार असावा, अशा अर्थाचा विचार मांडला. १९३६ पासून ज्या सेवाग्रामात ते राहिले ते आमच्या रेघेच्या उजव्या हातास, पंधरा-वीस किलोमीटरांच्या आत आहे. शेजारच्या पवनारचे विनोबा तर १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे पायी हिंडले. या दोघांविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. पण हा निर्णय मला स्वीकारता येत नाही, आणि का येत नाही ते पुढे सांगतो. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी दरवर्षी महिनाभर चालून पंढरपुरास जाते. त्या वाटेवर मोटारी आहेत हे वारकऱ्यांस माहीत नाही असे नव्हे. त्यांना अंतर संपवावयाचे नसते. ते चालून विठ्ठलाच्या पायांवर घालावयाचे असते. अंतर हे भक्तीचे साहित्य होऊ शकते, तसे आळसाचेही होऊ शकते, वेगाचेही तसेच.

भाऊ गेले त्या दिवशी पहाटे साडेतीनला दूरध्वनी आला. सकाळच्या पहिल्या विमानाने मी निघालो, आणि साडेनऊच्या सुमारास घराच्या दारात उभा होतो. मंडळी माझ्यासाठी थांबली होती. गाडीने निघालो असतो तर दुसरा दिवस उजाडला असता. त्या विमानाचे माझ्यावर ऋण आहे, आणि म्हणूनच मला वेगाची निंदा करता येत नाही. परंतु परतीच्या वाटेवर, तेरावा आटोपून मी खिडकीशी बसलो असता, एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्या विमानाने मला भाऊंच्या अंत्यदर्शनास वेळेवर पोहोचविले, ते त्यापूर्वीच्या प्रत्येक सकाळी त्याच वेळी सुटत होते. त्या दिवशी मला निघावयास अर्धा तास पुरला. त्या अर्ध्या तासासाठी मी वर्षानुवर्षे सवड शोधीत होतो.

त्यांची पुस्तके आवरताना तो नकाशासंग्रह सापडला. पेन्सिलीची रेघ फिकट झाली होती, '३७६ मैल' हे अक्षर मात्र वाचता येत होते. त्याच्याखाली निळ्या शाईत, थरथरत्या हाताने, पुढे केव्हा तरी लिहिलेली दुसरी ओळ होती : '१ तास २५ मिनिटे'. तारीख नव्हती. आईला विचारले, तिला काही आठवले नाही. ती ओळ त्यांनी तिची समजूत घालण्यासाठी लिहिली, की स्वतःची, हे आता कळावयाचे नाही.

आपल्या भाषेने 'अंतर' या एकाच शब्दात अनेक अर्थ सामावून घेतले आहेत. दोन गावांमधील फासला म्हणजे अंतर. माणसाचे मन तेही अंतर. आणि ज्याने सोडून जाऊ नये त्याने सोडून जावे, त्याला आपण 'अंतर देणे' म्हणतो. लग्नात, मैत्रीत, मरणशय्येशी आपण एकमेकांना वचन देतो ते 'अंतर देणार नाही' असे. हा वाक्प्रचार मी शेकडो वेळा ऐकला होता, पण त्यातील क्रियापदाकडे माझे लक्ष गेले नव्हते. गावांमधील अंतर असते. ते कोणी कोणास देत नाही. माणसांमधले अंतर मात्र दिलेले असते, आणि ते देणारा कोणीतरी असतो.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. ८८१, सातशे की ६०५, यांपैकी कोणताही आकडा खोटा नाही. त्या त्या वाहनाचे ते अंतर आहे. वाहनाच्या सुधारणेने ते कमी होत जाईल, आणि व्हावे. परंतु सर्व सबबी वजा केल्यावर जे शिल्लक राहते ते माणसाने स्वतः दिलेले अंतर, आणि दोन माणसांच्या बाबतीत तेच खरे समजावे. मी भाऊंना ते दिले. दुष्टाव्याने दिले नाही. 'केव्हाही' म्हणत म्हणत दिले. परिणामात फारसा फरक पडत नाही.

आई अजून नागपुरास आहे. ती पुण्यास यावयास तयार नाही, आणि ते घर सोडण्याचा आग्रह मीही धरीत नाही. गेल्या दिवाळीपासून मी तिकीट काढताना एक नियम पाळू लागलो आहे : जाण्याचे तेवढे काढतो, परतीचे तेथे गेल्यावर, चार-सहा दिवस उलटल्यावर. यात पैसे थोडे अधिक जातात. पहिल्या खेपेस सहाव्या दिवशी संध्याकाळी, भाजी निवडता निवडता, आईने मला भाऊंविषयी एक गोष्ट सांगितली, जी मला सत्तावन्न वर्षांत ठाऊक नव्हती. ती येथे सांगण्याचे कारण नाही.